प्यायचं का मारायचं

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मागे प्रदर्शन भरलं होतं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. रसायनशास्त्राची मास्तरीण, शिवाय काचेच्या धंद्यातल्या घरची, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. काचेच्या धंद्यातल्या घरची म्हणजे बाटलीवाल्याची मुलगी, पण तसं तोंडावर म्हणायला लोकांना अवघड जातं. मला जात नाही.

तिथल्या एका गटानं यंत्र केलं होतं. वरच्या भट्टीत फुटक्या काचेचा चुरा वितळायचा आणि खालच्या तोटीतून त्याची जाड धार उतरायची. तोटी फिरेल तशी धार थरावर थर रचत जायची, सोऱ्यातून चकली पाडतात तशी. ना साचा, ना फुंकणी. माझ्या डोळ्यांसमोर एक तपकिरी वाटी उभी राहिली आणि खरं सांगते, मी हरखून गेले. आमच्या गोदामातून ट्रकच्या ट्रक चुरा फिरोजाबादच्या काचभट्ट्यांकडे जायचा, तेव्हा त्याचं पुढे असं काही होईल असं कुणी सांगितलं असतं तर अब्बांनी त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

यंत्राजवळच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काही प्रश्न?"

"ही काच आधी कशाची होती?"

ती हसली. "कशाचीही असेल मॅडम. एकदा वितळली की सगळी सारखीच."

उत्तर बरोबर होतं. मी स्वतः वर्गात हेच शिकवते. इतक्या आचेत आधीचं काही उरत नाही, ना लेबल, ना वास, ना आत काय होतं त्याचा मागमूस. तरी माझं डोकं फिरलं. "कशाचीही म्हणजे? आणली तेव्हा कुणाला विचारलं नाही?" असं मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. पोर गोरीमोरी झाली. तिला मी दहापैकी नऊ गुण दिले आणि घरी आले, पण संध्याकाळभर बूड एका जागी टेकलं नाही. तीच वाटी त्यांनी मला भेट म्हणून दिली होती. ती कपाटावर आहे. तिच्यात मी सेफ्टी पिना ठेवते.

प्रश्न विचारायची ही खोड मला फाटकावर लागली.

आमचं गोदाम अकोल्यात होतं, बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. गोदाम म्हणजे टिनाचं छप्पर, मागे धुण्याचे दोन हौद आणि पुढे लोखंडी फाटक. फाटकाच्या आत अब्बांची खुर्ची आणि खुर्चीशेजारी एक डांबराचा रिकामा ड्रम. काचेचा धंदा तसा सरळ आहे. बाटली साबूत असेल तर धुवायची आणि पुन्हा भरणाऱ्याला विकायची. फुटकी असेल तर रंगाप्रमाणे ढीग लावायचे, पांढरा, हिरवा, तपकिरी, आणि भट्टीला पाठवायचे. हौदावर माझी फुफी, म्हणजे आत्या, आणि तिच्या हाताखाली चार बाया. फुफीचे हात सोड्यानं इतके सोलवटलेले असायचे की ईदला मेंदी लावायची तिला चोरी. पण तिच्या हातून निघालेल्या बाटलीतून पलीकडचं माणूस दिसायचं.

साबूत बाटल्यांत एकच भानगड होती, तपकिरी. खोकल्याच्या औषधाची बाटली तपकिरी, काढ्याची तपकिरी, आणि कपाशीवर मारायच्या औषधाचीही तपकिरी. तेव्हा पिकावरची बरीच औषधं काचेतच यायची. लेबलं तर पावसापाण्यात कधीच निघून गेलेली. आणि आमच्याकडे दोघांना शब्द एकच. तापावर औषध प्यायचं, कपाशीवर औषध मारायचं. घरात आम्ही हिंदी बोलायचो, त्यातही तेच, दवाई पीना आणि दवाई मारना. विष हा शब्द माझ्या शाळेच्या पुस्तकात होता. तो कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नव्हता.

म्हणून अब्बांचा नेम ठरलेला. तपकिरी बाटली फाटकावर आली की आधी ती नाकाशी धरायची, मग आणणाऱ्याला विचारायचं, "प्यायचं का मारायचं?" प्यायचं असेल तर हौदाकडे. मारायचं असेल तर तिथल्या तिथे ड्रमात फोडायची, ती मग चुऱ्यात जाईल आणि भट्टीत वितळेल. मारायच्या औषधाची बाटली साबूत गोदामात शिरली असं कधी झालं नाही. त्यासाठी अब्बांनी दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं सोडली होती. असल्या धुतलेल्या बाटल्या घ्यायला टपलेले लोक अकोल्यात कमी नव्हते.

मी तेव्हा अमरावतीला होस्टेलवर राहून एमएस्सी करत होते आणि मला सगळं कळत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. घरी सुट्टीला आले की मी गोदामात फिरून चुका काढायची. हौदाचं पाणी रोज बदला. हातमोजे घाला. काच रंगानुसार वेगळी करणारी यंत्रं आली आहेत, आपण कधी घेणार? अब्बा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "घेऊ घेऊ, पहले तेरी शादी." यावर माझा पारा चढायचा, तो उतरेपर्यंत सुट्टी संपायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते गोदामामागच्या घरात खाटेवर, आणि फाटकावरच्या खुर्चीत मी. फवारणीचा हंगाम नुकताच संपलेला, त्यामुळे खेड्यांतून तपकिरी बाटल्या भरभरून येत होत्या. कपाशीचं मात्र काही खरं नव्हतं. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, पेपरात, सगळीकडे तेच. पेपरात रोज एखाद्या गावाचं नाव चौकटीत असायचं. मी ती चौकट वाचायची आणि पान उलटायची.

खुर्चीत बसल्याबरोबर मी पहिली सुधारणा केली. हुंगणं बंद. कीटकनाशकाची बाटली नाकाशी धरणं म्हणजे वेडेपणा, अब्बांचे डोळे त्यानंच बिघडले असतील, जन्माची डोकेदुखीही त्यानंच जडली असेल, असं मी सगळ्यांना ऐकवलं. रसायनशास्त्र माझ्या बाजूनं होतं, आजही आहे. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मी पाटीच लावली, "बाटलीचा वास घेऊ नये." फुफीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "क्या लिखी?" मी सांगितल्यावर ती म्हणाली, "फिर मालूम कैसे होगा?"

"पूछने से," मी म्हणाले.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. नांगरटीला निघाल्यासारखी भरभर चालत आली आणि फाटकाशी येऊन एकदम थांबली. हातात पिशवी, पिशवीत सात-आठ बाटल्या. तेलाची एक, देशी दारूच्या दोन-तीन, बाळाच्या ग्राइपवॉटरची एक आणि अर्ध्या लिटरची एक तपकिरी. बाळापूरच्या पलीकडच्या खेड्यातली, असं ती म्हणाली. एवढ्याशा बाटल्या घेऊन इतक्या लांब कुणी येत नाही. बाकीच्या मी बाजूला केल्या आणि तपकिरी वर धरली.

"हे औषध कोणतं? प्यायचं का मारायचं?"

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मागे दोन हातगाड्या खोळंबल्या होत्या, ऊन डोक्यावर आलेलं. मी पुन्हा विचारलं, जरा खेकसूनच. "अहो बाई, प्यायचं का मारायचं?"

ती बाटलीकडे बघत म्हणाली, "प्यायचं."

मी बाटली हौदाच्या टोपलीत टाकली. दुपारी ती धुतली गेली. दुसऱ्या दिवशी मोर्शीचा माल भरला, त्यात ती गेली.

मोर्शीच्या काकांचा संत्र्याच्या सरबताचा छोटासा कारखाना होता. ते अब्बांचे जुने स्नेही. उन्हानं सरबताचा रंग उडू नये म्हणून त्यांना तपकिरीच बाटल्या लागायच्या, आणि पंधरा वर्षं त्या आमच्याकडूनच जात होत्या. संत्रा उतरायला लागला की ते भरणं सुरू करायचे. दरवर्षी पहिल्या भरणीतल्या दोन बाटल्या आमच्या घरी यायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी ती बाई परत आली. या वेळी हात रिकामे. म्हणाली, "ताई, थे बाटली वापस पायजे."

"कोणती?"

"थेच. औषधाची."

"ती गेली हो मालाबरोबर. कशाला हवी? औषध संपलं होतं ना?"

"पोलीसपाटील म्हनते बाटली दाखव, तवा कागद पुरा होईन. मले घरात ठेवोशी वाटे नाई, म्हनून आनून टाकली इकडं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला काही समजलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "माह्या मालकानं पेलं न, थे औषध. त्याचीच बाटली व्हती."

"तुम्ही तर प्यायचं म्हणालात," मी म्हणाले. असं मूर्खासारखं वाक्य मी जन्मात दुसरं बोलले नसेन.

"तुमी इचारलं, प्यायचं का मारायचं. त्यानं पेलं. म्या काय सांगू मंग?"

रोज सकाळी ती चौकट मी वाचत होते. औषध पिऊन माणसं मरतात हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि त्याच वऱ्हाडात फाटकावर बसून मी विचारत होते, प्यायचं का मारायचं, जणू ही दोन वेगळी औषधं आहेत.

तिला खुर्चीत बसवून मी आत धावले आणि मोर्शीला फोन लावला. फोन काकांच्या घरी होता, कारखाना गावाबाहेर. काकूंनी उचलला. माझा आवाज ऐकून खूश झाल्या. "अवं, बऱ्या वक्ताले फोन केला! कालच भरनं सुरू झालं. सहा बाटल्या आनल्या घरी. एक तर कालच सपली. आता पाव्हने बसले हायेत, त्याह्यले देऊन राहिली."

"देऊ नका!" मी ओरडले. "काकू, कुणाला देऊ नका. त्या मालात औषधाची बाटली गेली आहे."

"औषधाचीच तं असते नेहमी," काकू म्हणाल्या. "तुह्या बापाकडून आजवर दुसरी कोनती आली?"

बरोबर होतं त्यांचं. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मागून फुफी काहीतरी विचारत होती. शब्दच सापडेना. मग तो पुस्तकातला शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडला.

"विषाची, काकू. विषाची बाटली."

पलीकडून रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज, आणि लांबून काकूंचं ओरडणं, "ठेवा! ठेवा खाली थे गिलास!" परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. कुणी तोंडाला लावलं नव्हतं. कालची बाटली घरातल्या सगळ्यांनी मिळून प्यायली होती आणि सगळे ठणठणीत होते. म्हणजे ती नव्हती. उरलेल्या पाच मोरीत ओतते, म्हणाल्या. पण कारखान्यावर निरोप घेऊन जायला घरात कुणी नव्हतं, आणि दुपारी एक दुकानदार माल न्यायला येणार होता.

अब्बा खाटेवरून सगळं ऐकत होते. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. पट्टी बांधलेलं तोंड माझ्या दिशेला करून ते एवढंच म्हणाले, "सूंघी थी?"

मी नाही म्हणाले.

"जा," ते म्हणाले.

बाहेर आले तर बाई उभी. "म्या बी येतो," म्हणाली. "मी वळखीन थे." तेवढीच आशा होती, म्हणून तिला घेतलं.

अकोला ते मोर्शी आम्ही कशा गेलो ते सांगायला नको. अमरावतीला गाडी बदलावी लागते. पहिल्या गाडीत मी ड्रायव्हरच्या मागे बसून मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते, कारण तो हात दाखवणाऱ्या प्रत्येकासाठी थांबत होता. मूर्तिजापूरला तो चहाला उतरला तेव्हा मी खिडकीतून हाका मारल्या. लोक बघायला लागले. बाई खिडकीला डोकं टेकून बसली होती, ती म्हणाली, "ताई, बसा न. तुमी उभं राहून गाडी थोडीच पयते."

मी बसले. परत उठले. डोक्यात एकच हिशेब चालू होता. फुफीनं सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली आहे, ब्रश फिरवला आहे, तीनदा विसळली आहे. म्हणजे किती उरलं असेल? शंभरातला एक भाग? हजारातला? मोठ्या माणसाला पुरेल का? लहान मुलाला? मला शिकवलेलं सगळं आठवत होतं आणि उत्तर येत नव्हतं. माझ्याच वयाची एक बाई शेजारी बसली होती, जिला या प्रश्नाचं एक उत्तर माहीत होतं, आणि तिला विचारायची माझी हिंमत नव्हती.

अमरावतीहून पुढच्या गाडीत तिनं स्वतःहूनच सांगितलं. थोडंच. नवरा फवारा मारायला गेला तसाच गेला. बाटली बांधावर सापडली. सासूनं ती माळ्यावर लपवून ठेवली होती, हिनं ती शोधून काढली. "पोट्टं माह्यं माळ्यावर चढते," म्हणाली. "म्हनून आनली तुमच्याकडं. तुमी फोडता असं आयकलं व्हतं."

तुम्ही फोडता असं ऐकलं होतं. हे ऐकून मी पुढच्या सीटचा दांडा पकडला, तो मोर्शी येईपर्यंत सोडला नाही.

कारखाना म्हणजे एक लांब खोली, बाहेर अंगण आणि अंगणात संत्र्याच्या सालींचे ढीग. दुकानदार अजून आलेला नव्हता. काका भरलेल्या बाटल्यांना बुचं लावत होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला आणि मागे अनोळखी बाई पाहून थबकला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. "पन धुतली हाय न पोरी?"

"धुतली आहे."

"मंग काय होते?"

"मला माहीत नाही, काका."

हे वाक्य आमच्या घरात माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. काका बाजूला सरकले आणि म्हणाले, "पाहा मंग. कोनती हाय?"

बाई पुढे झाली. भिंतीला लागून बाटल्यांच्या रांगा होत्या, काही भरलेल्या, बऱ्याच रिकाम्या, दोनशेच्या आसपास. तिनं पहिली उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. दहा-बारा झाल्यावर तिचा हात सावकाश चालायला लागला. विसाव्या बाटलीशी ती खाली बसली.

"सगळ्या सारक्याच हायेत," ती म्हणाली. "घरात थे एकलीच व्हती न ताई, म्हनून वळखू ये."

मग मी ते केलं जे अब्बा रोज करायचे आणि ज्याच्या विरोधात मी पाटी लावली होती. रिकामी बाटली उचलली आणि नाकाशी धरली. सोड्याचा वास. दुसरी. सोड्याचा वास. बुचं काढून भरलेल्या हुंगल्या. संत्रं. नुसतं संत्रं. पंधरा-वीस झाल्यावर मला कशाचाच वास येईना. काकांनी हुंगल्या, त्यांच्या नाकात तर हंगामभर संत्र्याशिवाय काही शिरतच नव्हतं. एका बाटलीशी मी अडले. तिला काहीतरी वेगळा वास होता की मला भास झाला, ते मी आजही सांगू शकणार नाही. बाजूला ठेवली. मग आणखी एक तशीच वाटली. मग चार झाल्या, मग अकरा. मला रडू फुटलं. भीतीनं नव्हे, संतापानं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

काका म्हणाले, "या अकरा घेऊन जा तुमी. त्यातलीच असन एखांदी. हिचा बी कागद होऊन जाईन, माहा बी माल वाचन."

मला ते पटलं. अगदी कबूल करते, मला ते पटलं होतं. अकरा बाटल्या म्हणजे बाईचं काम होईल, काकांचं नुकसान टळेल, अब्बांचं नाव राहील. मी पिशवी शोधायला लागले.

बाई उठली. "नाई," म्हणाली. "फोडा सगळ्या."

"सगळ्या?" काका म्हणाले. "अवं बाई, मंग तुही बाटली?"

"माह्या घरून निंघाली थे. आता अजून कोनाच्या घरी कायले जाऊ देता?"

काकांनी भिंतीलगतच्या रांगा एकदा पाहून घेतल्या. मग खुंटीवरचा टॉवेल डोक्याला बांधला आणि कोपऱ्यातली हातोडी घेतली.

अंगणात आम्ही तिघांनी मिळून फोडल्या; घरच्या पाच घरी गेल्यावर फोडतो, असं काका म्हणाले. भरलेल्यांतलं सरबत आधी खड्ड्यात ओतलं, तिथे बघता बघता मधमाश्या जमल्या, तर काकांनी वरून माती लोटली. बाई एकेक बाटली उचलून द्यायची, काका हातोडी मारायचे, मी काच फावड्यानं गोणीत भरायची. तपकिरी काच फुटली की आत फिकी दिसते, मधासारखी. मधेच दुकानदार आला. काकांनी त्याला "माल खराब झाला" एवढंच सांगून परत पाठवलं. तो गेल्यावर ते मला म्हणाले, "तुह्या बापाले सांग, पुढच्या साली बी बाटल्या त्याच्याच घेईन. पन डोळे बरे झाले म्हंजे." मला टोमणा बसला आणि बरंही वाटलं.

परतताना अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीला उशीर होता. बाई पायऱ्यांवर बसली. मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होते.

"ताई," ती म्हणाली, "तुमी शिकेल हा. एक कागद लिहून देता का? का बाटली व्हती म्हनून. पाटलाले दाखवीन."

मी पिशवीतून गोदामाचं पावतीपुस्तक काढलं, एक कोरी पावती उलटी केली आणि मांडीवर घेऊन लिहायला बसले. असे लिहून देते की, सदर बाईंनी आमच्या गोदामात अर्ध्या लिटरची तपकिरी रंगाची एक बाटली दिली होती. ती माझ्या चुकीने नष्ट झाली. सदर बाटली त्यांच्या पतीने प्राशन केलेल्या, इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. सवयीनं औषधाची असं लिहिलं. खोडलं. पुन्हा तेच लिहायला हात गेला.

"इतला वेळ काय लिहून राहिल्या?" तिनं विचारलं.

"एका शब्दाशी अडले."

"कोनत्या?"

मी तिला दोन्ही शब्द सांगितले. औषध आणि विष. स्टँडवर गाड्यांची घोषणा चालली होती, ती संपेपर्यंत ती थांबली.

"ज्यानं कागद चालन थो लिहा," म्हणाली. "माह्या सासूले तेवढा थो वाचून दाखवू नये कोनी."

मी विष लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. तिनं कागदाची बारीक घडी करून कमरेला खोचली. गाडीत ती लगेच झोपली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. अकोल्यापर्यंत मी हलले नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

अब्बांची पट्टी निघाली, ते खुर्चीत परतले. माझी पाटी त्यांनी काढली नाही. त्याऐवजी हुंगणं सोडलं, विचारणंही सोडलं. आलेली प्रत्येक तपकिरी बाटली, खोकल्याची असो की काढ्याची, फाटकावरच ड्रमात फोडायची असा नवा नेम झाला. मोर्शीचा माल पांढऱ्या बाटल्यांत जाऊ लागला आणि काका सरबताच्या रंगाच्या नावानं कुरकुरत राहिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा एक दुपार खुर्चीत बसले होते, तेव्हा ती आली. डोक्यावर मोठी गोणी. आता ती चार खेड्यांतून बाटल्या गोळा करते, फुफीनं मला सांगितलं होतं. तिनं गोणी उतरवली, घाम पुसला. मी उभी राहिले. पोरगं कसं आहे, सासू कशी आहे, कागद चालला का, पाटलानं काय केलं, सगळे प्रश्न माझ्या तोंडाशी एकदमच आले होते.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, मले काई इचारू नका," ती म्हणाली, आणि गोणीतली पहिली तपकिरी बाटली काढून ड्रमात फोडली.